दम पुरवून वापरायचा: नागपुरात जुनाट फुफ्फुसविकारासह रोजचं जगणं

श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा सीओपीडी, टीबी बरा झाल्यावर मागे राहिलेली फुफ्फुसाची इजा, श्वासनलिका सैल होऊन बेडका साचवणारा ब्रॉन्किएक्टेसिस, फुफ्फुसं कडक करत जाणारा आयएलडी. नावं वेगळी, तक्रार एकच: दम पुरत नाही. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पण घरातल्या रुग्णाचा दिवस बारकाईने पाहिला, तर त्याचा बराचसा दम आजाराने नव्हे, वायफळ खर्चाने संपलेला दिसतो. औषधाचा पंप (इनहेलर) चुकीचा ओढला जातो, आंघोळ उभ्याने होते, जिना श्वास रोखून चढला जातो, आणि जानेवारीत भल्या पहाटे फुटाळा तलावावर फेरी मारली जाते. हा खर्च आटोक्यात आणता येतो.

आधी आजार कोणता ते नक्की करा

‘दमा आहे’ एवढ्यावर वर्षानुवर्षं गोळ्या खाणारे पुष्कळ आहेत. स्पायरोमेट्री म्हणजे जोरात फुंकण्याची तपासणी झाल्याशिवाय उपचाराला दिशा मिळत नाही. श्वासनलिका मोकळी करणारं औषध दिल्यावरही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण फुंकलेल्या हवेच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर सीओपीडी धरतात. मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स या नागपुरातल्या तिन्ही सरकारी रुग्णालयांत श्वसनरोग विभाग आहेत. जाण्याआधी कोणतं औषध किती तास बंद ठेवायचं ते विचारून घ्या, नाहीतर तपासणीसाठी परत यावं लागतं.

हा खटाटोप का? कारण आयएलडीत पंपाचा फारसा उपयोग नसतो, आणि बसल्यावर ऑक्सिजन ठीक दिसला तरी चालताना झपाट्याने घसरतो. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये रोज बेडका काढणं हाच अर्धा उपचार असतो. आणि ज्यांना पूर्वी टीबी झाला आहे, त्यांना नव्याने खोकला, ताप, वजन घटणं सुरू झालं तर ‘जुनंच असेल’ म्हणून सोडून देऊ नये. बेडक्याची तपासणी पुन्हा करावी.

पंप: सगळ्यात जास्त चुका इथेच

‘पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय’ हा समज अजून गेलेला नाही. हिशोब करून पाहा. सालब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, तर ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या ४० पट. गोळी पोटातून रक्तात जाते, हात थरथरवते, छाती धडधडवते आणि मग कुठे फुफ्फुसात पोचते. पंप थेट पोचतो. अर्थात नीट घेतला तरच.

१. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर आधी दोन-चार फवारे हवेत सोडा. पहिल्या फवाऱ्यात औषध पुरेसं येत नाही.

२. टोपण काढा, आत काही अडकलंय का बघा, पाच-सहा वेळा हलवा.

३. ताठ बसा. श्वास सावकाश, जमेल तेवढा पूर्ण सोडा. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. भरलेल्या भांड्यात आणखी काय मावणार?

४. तोंडात धरा, ओठ घट्ट मिटा, जीभ खाली. श्वास हळू आत घ्यायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी दाबा. दाबून झाल्यावरही चार-पाच सेकंद श्वास घेतच राहा.

५. १० सेकंद श्वास रोखा, मग सोडा. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटाने, पुन्हा हलवून.

हाताचा आणि श्वासाचा मेळ बसत नसेल, आणि साठीनंतर तो बहुतेकांचा बसत नाही, तर स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला लावायची प्लास्टिकची पोकळ नळी, घ्याच. आमच्या मते तो प्रत्येकानेच घ्यावा. स्पेसरमध्ये एका वेळी एकच फवारा मारायचा आणि लगेच चार-पाच शांत श्वास त्यातून घ्यायचे. दोन फवारे एकदम मारले की थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात. काही स्पेसर जोरात ओढल्यास शिट्टी देतात. शिट्टी वाजली म्हणजे श्वास हळू घ्या. आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून धुवा आणि तसाच निथळत वाळू द्या. फडक्याने पुसलं की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच बसतं.

कॅप्सूलवाल्या रोटाहेलरचा नियम नेमका उलटा: तिथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा, कारण पावडर तुमच्या ओढीनेच उडते. ओढून झाल्यावर उघडून बघा, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. त्यात फुंकर मारू नका, ओल धरते. पावसाळ्यात कॅप्सूल डबीतून आधी काढून ठेवली तर मऊ पडते आणि नीट फुटत नाही. आणि हो, ती कॅप्सूल गिळायची नसते. हे प्रत्येक घरात एकदा मोठ्याने सांगून ठेवा.

औषधात स्टेरॉइड असेल तर प्रत्येक वेळी गुळण्या करून पाणी थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो. पंपांचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात. म्हणून जाड मार्करने एकावर ‘रोज’ आणि दुसऱ्यावर ‘लागेल तेव्हा’ लिहा. सुरू केल्याची तारीखही लिहा. २०० फवाऱ्यांचा पंप रोज ४ फवाऱ्यांनी ५० दिवस जातो. पाण्यात तरंगतो का पाहून किती उरलं ते कळत नाही, तो जुना तोडगा सोडा.

आणखी एक नागपुरी धोका. बहुतेक पंप ३० अंशांखाली ठेवायचे असतात. मे महिन्यात उन्हात उभ्या कारच्या कप्प्यात किंवा स्कूटरच्या डिक्कीत पंप राहिला तर डबा फुटू शकतो. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, भिंतीतल्या कपाटात ठेवा. बाहेर जाताना शर्टाच्या खिशात नको, कापडी पिशवीत.

श्वास सोडायला शिका

सीओपीडीत अडचण हवा आत घेण्याची कमी आणि बाहेर सोडण्याची जास्त असते. जुनी हवा आत अडकते, छाती फुगून राहते, नवीन हवेला जागाच नाही. म्हणून घाईघाईने मोठे श्वास घेतले की धाप वाढते. नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्या, मग गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून चार अंक मोजत सोडा. जोर लावायचा नाही. ओठांमुळे आत थोडा दाब राहतो, बारीक नलिका मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघून जाते.

दिवसातून तीन-चार वेळा, धाप नसताना, पाच-पाच मिनिटं सराव करा; धाप लागल्यावर शिकायला बसलं तर जमत नाही. धाप लागलीच तर खुर्चीवर बसून पुढे झुका, कोपरं मांडीवर टेका, खांदे सैल. बाजारात असाल तर भिंतीला किंवा दुकानाच्या काउंटरला हात टेकून झुका.

जिना असा चढा: पायरीखाली थांबून नाकाने श्वास, आणि ओठांतून सोडत सोडत दोन पायऱ्या. पुन्हा थांबा. बोलत चढू नका. वाकून चप्पल घालणं, बादली उचलणं, कपाट ओढणं, जोर लागतो ते प्रत्येक काम श्वास सोडताना करा.

बेडका जास्त असणाऱ्यांनी खोकून खोकून थकू नये. तीन-चार खोल श्वास, मग तोंड उघडं ठेवून आरशावर वाफ धरतो तसा ‘हाऽ’ करत दोन-तीन वेळा हवा बाहेर ढकला. बेडका वर आला की एकच नेमका खोकला पुरतो. सकाळी पंपानंतर १५-२० मिनिटांनी हे सगळ्यात सोपं जातं.

आंघोळ आणि संडास

अनेक रुग्णांसाठी दिवसातलं सगळ्यात अवघड काम आंघोळ. हात खांद्याच्या वर गेले की धाप का लागते? मान-खांद्याचे जे स्नायू श्वासाला मदत करत असतात तेच हात उचलण्यात गुंततात. म्हणून प्लास्टिकच्या घट्ट स्टुलावर बसून आंघोळ. बादली पाटावर किंवा दुसऱ्या स्टुलावर, म्हणजे वाकावं लागत नाही. पाणी कोमट, खिडकी उघडी. कोंडलेली वाफ गुदमरवते. डोकं रोज धुवायची गरज नाही. अंग रगडून पुसण्याऐवजी जाड टॉवेल गुंडाळून पाच मिनिटं बसून राहिलं की अंग आपोआप कोरडं होतं. कडी लावू नका. ऑक्सिजनवर असाल तर आंघोळीतही नळी नाकात राहू द्या, मशीन मात्र बाहेर.

भारतीय संडासात उकिडवं बसलं की पोट वर दाबतं आणि श्वासपटलाला जागा उरत नाही. कमोड खुर्ची हा फार मोठा खर्च नाही आणि लाजेचा विषय तर मुळीच नाही. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण कुंथताना श्वास रोखला जातो.

चालणं: किती, केव्हा

धाप लागते म्हणून बसून राहायचं, बसल्याने मांड्या अशक्त, अशक्त स्नायू जास्त ऑक्सिजन मागतात, आणि मग पुढच्या वेळी लवकर धाप. हे चक्र व्यायामानेच तुटतं. मोठ्या रुग्णालयात पल्मोनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे फुफ्फुसाच्या रुग्णांसाठी देखरेखीखालचा व्यायाम, मिळत असेल तर ते घ्या. नसेल तर घरी सुरुवात अशी: सलग जमेल तेवढं चाला, मग ते तीनच मिनिटं का असेना. बसा, पुन्हा चाला. असं करत आठवड्यातून पाच दिवस एकूण २० ते ३० मिनिटांपर्यंत पोचा. सोबत खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, पाच-सहा वेळा, दोन फेऱ्या. आणि अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन कोपरात वाकवणं. फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. दोन आठवड्यांत सोडून देणारेच जास्त.

धाप किती चालेल? ० म्हणजे काहीच नाही आणि १० म्हणजे असह्य, असं धरलं तर ३ ते ४ वर ठेवा. एक वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येणार नाही, एवढं. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ८८ च्या खाली गेलं, छातीत दुखलं, चक्कर आली की थांबा. ऑक्सिमीटर लावताना हात गरम असावेत, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश नसावं, आणि आकडा स्थिर व्हायला अर्धं मिनिट द्या. त्यात एक-दोन अंकांची चूक असतेच, म्हणून दर दहा मिनिटांनी बघून घाबरण्यात अर्थ नाही.

आता वेळ. ‘पहाटेची हवा शुद्ध’ हे नागपुरात वर्षातले काही महिनेच खरं आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, वरची ऊबदार हवा तिच्यावर झाकण ठेवते आणि वाहनांचा, शेकोट्यांचा, जळत्या कचऱ्याचा धूर खालीच कोंडतो. शिवाय गार हवेने नलिका आवळतात. तेव्हा थंडीत फिरायला नऊनंतर, ऊन पडल्यावर, नाकातोंडावर सैल दुपट्टा घेऊन. उन्हाळ्यात उलट: साडेपाच-सहाला निघा, साडेसातला घरात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत, चालणं घरातल्या घरात करा, हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत. पावसाळ्यात निसरड्या रस्त्यापेक्षा सोसायटीची पार्किंग बरी. अंबाझरी तलावाच्या काठाची सपाट वाट रुग्णाला सोसते. सेमिनरी हिल्सचा चढ सुरुवातीला नको.

कूलर

इथल्या उन्हाळ्यात कूलरशिवाय घर नाही, आणि रुग्णाला ४५ अंशांत बसवून ठेवणं कूलरपेक्षा जास्त घातक आहे. म्हणून कूलर बंद करू नका, नीट ठेवा. मार्चआधी ताट्या बदला, मग त्या वाळ्याच्या असोत, गवताच्या असोत की मधपोळ्यासारख्या कागदी. गेल्या वर्षीच्या ताटीत धूळ आणि बुरशी बसलेली असते आणि पहिल्या दिवशी ती थेट खोलीत येते. हे काम रुग्णाने करायचं नाही. ते होताना त्याने खोलीतही थांबायचं नाही. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा, त्याच पाण्यात वरून भर घालत राहू नका. डेंग्यूचे डासही तिथेच होतात. समोरची खिडकी थोडी उघडी असलीच पाहिजे, नाहीतर खोली दमट होते. झोत तोंडावर नको. वाळ्याचा वास काहींना सोसत नाही, त्यांनी साध्या ताट्या लावाव्यात. पाऊस सुरू झाला की पाण्याचा पंप बंद, फक्त पंखा. एसी असेल तर २६-२७ वर, आणि जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा.

घरातला धूर

बिडी-सिगारेट बंद केल्याशिवाय वरचं सगळं अर्धवट आहे. उरलेलं फुफ्फुस ज्या वेगाने झिजतं तो वेग कमी करण्याचा हाच खात्रीचा मार्ग. बिडी सोडून तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर येणं म्हणजे सुटका नव्हे. निकोटीनची ओढ तशीच राहते आणि तोंडाचा कॅन्सर वेगळा. निकोटीनचा च्युइंगम मिळतो, पण तो खर्ऱ्यासारखा चघळायचा नसतो. दोन-चार वेळा चावा, झणझणलं की गालात दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा, असं अर्धा तास. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर फोन मोफत लागतो.

कधीच न ओढलेल्या बायकांना सीओपीडी होतो, तो बऱ्याचदा चुलीपायी. गॅस आला तरी आंघोळीच्या पाण्याची चूल अंगणात राहतेच, आणि ती पेटवायला आजीच जाते. ते काम दुसऱ्याला द्या. अगरबत्ती, धूप, कापूर, डासांची कॉइल बंद, कॉइलऐवजी मच्छरदाणी. देवापुढे फूल ठेवलं तरी पूजा होतेच. लाल मिरचीची फोडणी पडताना रुग्ण दुसऱ्या खोलीत, दार लावून. होळी आणि दिवाळीच्या रात्री खिडक्या बंद.

ताट

पोट गच्च भरलं की श्वासपटल वर दाबलं जातं. म्हणून तीनऐवजी पाच-सहा वेळा, थोडं थोडं, आणि जेवणाआधी अर्धा तास विश्रांती. हाडकुळे होत चाललेल्या रुग्णाला प्रथिनं वाढवा: वजनाच्या प्रत्येक किलोला दिवसाला १ ते १.५ ग्रॅम. ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम मिळतात, तेव्हा नुसत्या पातळ वरणावर हे भागत नाही. घट्ट वरण, झुणका, दही, पनीर, अंडी, मासे आलटून पालटून. किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. सावजी रस्सा वर्ज्य नाही, पण तर्री काढून, दुपारी, आणि थोडा. रात्री जळजळ झाली की आंबट पाणी घशाशी येतं आणि खोकला उठतो. संत्र्याने कफ होत नाही, फ्रीजमधून काढून लगेच खाऊ नका एवढंच.

घरचा ऑक्सिजन

धाप लागते म्हणून ऑक्सिजन लावत नाहीत. विश्रांतीत, प्रकृती स्थिर असताना, आकडा ८८ किंवा त्याखाली राहत असेल आणि रक्ताच्या तपासणीत ते पक्कं झालं, तरच तो लागतो. आणि मग दिवसाला किमान १५ तास, झोपेतले धरून. ‘त्रास झाला की अर्धा तास’ याने हृदयावरचा ताण कमी होत नाही.

प्रवाह डॉक्टरांनी लिहिला तेवढाच. सीओपीडीत लक्ष्य ८८ ते ९२ असतं, ९९ नव्हे. घाबरून नॉब फिरवला की काही रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साचतो: सकाळी डोकं ठणकतं, गुंगी येते, बोलणं असंबद्ध होतं. ऑक्सिजन छान दिसतो आणि माणूस झोपाळत जातो, हा धोका नातेवाइकांना माहीत हवा.

कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं विजेचं मशीन, भिंतीपासून हातभर दूर. बहुतेक मशीन ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेली असतात. मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ती अलार्म देत बंद पडतात. कूलरच्या ओल्या झोतातही नको. बाहेरची स्पंजची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावा. मशीनला जोडलेल्या बाटलीत उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी, रोज बदलून. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलिन किंवा तूप नको, ऑक्सिजनजवळ स्निग्ध पदार्थ पेट घेतो; पाण्यावर आधारित जेल लावा. देवघरातली समई, गॅस, बिडी यांपासून किमान दोन-तीन मीटर.

वीज गेली तर? मिनिटाला पाच लिटर देणारं मशीन साधारण ३५० वॉट खातं. १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीचा इन्व्हर्टर ते तीन-साडेतीन तास ओढेल, तेही पंखे बंद ठेवले तर. म्हणून सिलिंडर हवाच. बी टाइपच्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर. मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास. साखळीने भिंतीला बांधून उभा ठेवा, चावी त्यालाच अडकवून ठेवा. वादळी पावसाच्या दिवसांत किती उरलाय ते रोज बघा.

दुखणं उसळलं तर

दरवर्षी फ्लूची लस, शक्यतो पावसाळ्याआधी. न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून. तरी वर्षातून एखादं दुखणं उसळतंच. खूण अशी: नेहमीपेक्षा जास्त धाप, बेडका वाढणं, आणि तो पांढऱ्याचा पिवळा-हिरवा होणं. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टर, ‘दोन दिवस बघू’ नाही. कोणत्या वेळी कोणतं औषध सुरू करायचं ते बरं असतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि फ्रीजच्या दारावर चिकटवा. झोप येत नाही म्हणून दुकानातून झोपेची गोळी आणू नका, ती श्वासच मंदावते.

ओठ किंवा नखं निळसर, एक वाक्यही पूर्ण बोलता न येणं, गोंधळलेलं बोलणं, जागं करायला कठीण जाणं, नेहमीच्या प्रवाहावरही आकडा ८८ च्या खाली: १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत रुग्णाला आडवं करू नका, पुढे झुकवून बसवा, लागेल तेव्हाचा पंप स्पेसरमधून द्या. दाराशी एक पिशवी कायम भरलेली असू द्या: दोन्ही पंप, स्पेसर, शेवटची स्पायरोमेट्री, एक्स-रे, औषधांची यादी, आणि एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत ‘सीओपीडी, ऑक्सिजन लक्ष्य ८८ ते ९२’. अपघात विभागातला नवा डॉक्टर आधी ती चिठ्ठी वाचेल.